तिनं त्याला ओळखलं होतं का?

अमेरिकेहून परत आल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, "नायगारा पाहिलात का?" नाही पाहिला. "मग न्यूयॉर्क तरी?" तेही नाही. "अहो, मग दोन महिने केलंत काय?" असं म्हणून माझ्याकडे असं बघतात, जणू मी त्यांच्या पैशानं जाऊन आले. म्हणून आता हे एकदाचं लिहूनच टाकते. मी एका इंग्रज म्हाताऱ्याच्या स्वयंपाकघरात बसून चहा प्यायले आणि वीस वर्षांचं एक भांडण मिटवून आले. नायगारा राहू दे तिथंच, तो कुठं जातोय!

भांडण माझं आणि आमच्या ह्यांचं. आम्ही दोघं नाटकवाले. हे लिहायचे, बसवायचे. मी काम करायची. पुण्यात जुन्या पुस्तकांच्या दुकानात ह्यांना एक इंग्रजी नाटक सापडलं, एडविन थॉर्नली नावाच्या नाटककाराचं. ह्यांनी त्याचं मराठी रूपांतर केलं आणि नाव ठेवलं 'आज काही नको'. परवानगी? अहो, तेव्हा कोण विचारत होतं परवानगी! इंग्रज गेले ते गेले, नाटकं इथंच ठेवून गेले, असं हे म्हणायचे.

नाटकाची गोष्ट साधी. कोवळ्या वयात घर सोडून गेलेला मुलगा खूप वर्षांनी, मोठा माणूस होऊन, आईच्या दारात येतो. आई दार उघडते. त्याच्याकडे बघते. आणि दारावर आलेल्या उदबत्तीवाल्याला सांगावं तसं सांगते, "आज काही नको." दार लावून घेते. मुलगा एक अक्षर न बोलता निघून जातो. पडदा.

आई मी. पहिल्या प्रयोगापासून शेवटच्या प्रयोगापर्यंत मीच. सांगली, सोलापूर, अमरावती, कुठं कुठं म्हणून नाही केलं ते नाटक! आणि प्रत्येक प्रयोगानंतर, गाडीत सामान चढलं की आमचं सुरू.

हे म्हणायचे, "ती ओळखते त्याला. ओळखूनच नको म्हणते."

मी म्हणायची, "काहीतरीच! कुठली आई दारात आलेल्या पोराला ओळखून परत पाठवील? म्हातारी झालीय ती, डोळे गेलेत, पोरगा बदललाय."

"तसं असेल तर मग नाटक कशाला लिहिलं त्यानं? चष्म्याचं दुकान काढलं असतं."

मग गाडीतले सगळे हसायचे आणि मी तोंड फुगवून खिडकीबाहेर बघायची. हे विंगेत उभे असले की मी त्यांच्या म्हणण्याप्रमाणे जरा थांबून, आवंढा गिळून वाक्य घ्यायची. हे नसले की माझ्या मनासारखं, सरळ. प्रेक्षक दोन्हीला रडायचे.

तीन वर्षांपूर्वी हे गेले. भांडण अर्धंच राहिलं. आणि आमचा एकुलता एक मिलिंद बापाला शेवटचं बघायला आला नाही. स्मशानातून परतलेला प्रत्येक माणूस मला हळूच विचारत होता, "मुलगा?" त्या प्रश्नाला मी काय उत्तर द्यायचं होतं? नंतर त्याचे फोन आले, पत्रं आली. पण का आला नाहीस हे मी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही. पंच्याऐंशीच्या ऑक्टोबरात त्यानं तिकीट पाठवलं, तेव्हा खरं सांगते, जायचं नव्हतं मला. पण चिडायला तरी माणूस समोर हवा ना! म्हणून गेले.

डेट्रॉइट

प्रवासाचं काही सांगत नाही. बसून पाय सुजले, एवढंच. डेट्रॉइटच्या विमानतळावर बॅगा घेऊन बाहेर आले, तर एक दाढीवाला, जाडजूड कोट घातलेला माणूस पुढं आला आणि त्यानं सरळ माझ्या बॅगेला हात घातला. हमालच म्हणायचा हा, दुसरं कोण! मी बॅग छातीशी धरली आणि घरून पाठ करून आलेलं इंग्रजी ठणकावलं, "नो, नो, थँक यू!"

तो म्हणाला, "आई, अगं मी!"

आठ वर्षांनी बघत होते. दाढी, कोट, वर चष्मा. मला इतकं हसू आलं की मी चिडलेय हे गाडीत बसेपर्यंत विसरूनच गेले. गाडीत बसल्यावर आठवलं आणि मग मी खिडकीबाहेर बघत बसले.

ॲन आर्बर

गाव विद्यापीठाचं. जिकडंतिकडं पाठीवर पिशव्या मारून सायकलवर जाणारी पोरं. झाडं अशी पेटलेली, लाल, पिवळी, शेंदरी, की मला पहिले दोन दिवस वाटत होतं, रात्री कुणीतरी रंगवून जातं. एका शनिवारी सगळं गाव एकाच रंगाचे सदरे घालून फुटबॉल बघायला लोटलं, आजीबाईंपासून तान्ह्या पोरापर्यंत. आपल्याकडं नाटकाला अशी गर्दी व्हायची, एके काळी.

पण एरवी? शांतता. मिलिंद सकाळी प्रयोगशाळेत जायचा तो संध्याकाळी उगवायचा. घराला दारं दोन, एक जाळीचं आणि एक लाकडी, आणि दोन्ही वाजवणारं कुणी नाही. पुण्यात सकाळपासून दूधवाला, पेपरवाला, भाजीवाली, कधी वर्गणी मागणारी पोरं, दार बंद म्हणून राहत नाही. इथं आठवड्यात एकदा टपालवाला, तोही बाहेरच्या बाहेर डब्यात टाकून पळणार.

शेजारी नलिनी राहायची, मूळची नागपूरची, दवाखान्यात कामाला. ती म्हणाली, "काकू, इकडे कुणाकडे जायचं तर आधी फोन करावा लागते. असं उठून गेलं की लोक घाबरतात ना जी."

"दारात आलेल्या माणसाला घाबरतात?"

"हो ना. तुम्ही टेन्शन नका घेऊ, कुठं जायचं असलं की सांगा, मी ड्राइव्ह करते."

पण मी बसनंच हिंडायची. एक दिवस बसच्या थांब्यावर खांबाला कागद लावलेला दिसला. सहज वाचायला गेले आणि माझ्या तोंडून "अगं बाई!" असं इतक्या मोठ्यानं निघालं की शेजारचा मुलगा दचकला. एडविन थॉर्नली! विद्यापीठात पाहुणे म्हणून आलेत, गुरुवारी व्याख्यान, 'माझं आयुष्य आणि माझी नाटकं'. खाली फोटो. मी तर समजत होते, हा मनुष्य कधीच वारला असेल. आपण ज्यांची नाटकं करतो ते लेखक मेलेलेच असतात, अशी माझी आपली समजूत.

संध्याकाळी मिलिंद आला तसं मी सांगितलं. तो म्हणाला, "माहीत आहे मला."

"माहीत आहे? मग सांगितलं का नाहीस?"

त्यानं खांदे उडवले आणि ताट घेतलं. ह्यांचा विषय निघेल अशी कुठलीही गोष्ट तो टाळायचा. मीही टाळायची. आमटी छान झाली, थंडी वाढली, असंच बोलायचो आम्ही दोघं. पण त्या रात्री मी ठरवलं. ह्यांचं आणि माझं भांडण सोडवू शकेल असा जगात एकच माणूस आहे आणि तो बसनं तीन थांब्यांवर उतरलाय. त्याला विचारल्याशिवाय मी पुण्याला जाणार नाही.

व्याख्यान

सभागृह गच्च. थॉर्नली म्हणजे उंच, वाकलेला, कानांत पांढरे केस, बोलताना टेबलावर बोटं वाजवायची सवय. मिलिंद शेजारी बसून कानात मराठी सांगत होता, नाहीतर मला निम्मं कळलं नसतं. इंग्रज लोक अर्धे शब्द खाऊन टाकतात.

जन्म उत्तर इंग्लंडातल्या एका गिरणीगावात. बाप गिरणीत, आई लोकांचे कपडे धुणारी. हा सोळा वर्षांचा झाला तसा बाप त्याला गिरणीत घालणार होता. घर सोडून लंडनला गेला. एका थिएटरात दिवे लावायचं काम मिळालं. रोज रात्री वर चढून दिवे धरायचा आणि खाली नट चुकले की मनात दुरुस्त करायचा. मनात इतकं साठलं की स्वतःच लिहायला बसला. पहिलं नाटक विनोदी, तुफान चाललं. मग दुसरं, तिसरं. बंगला, मोटार, सिनेमे, राणीच्या हातचं पदक. पडलेल्या दाताची गोष्टसुद्धा अशी रंगवून सांगायचा की पोरं खुर्चीवरून पडायची राहिली होती. ह्यांची फार आठवण आली मला. हेही असेच, चार माणसं भेटली की सुटायचे.

आणि मग तो म्हणाला, "मधे एक गंभीर नाटक लिहिलं होतं. वाईट होतं. आठवड्यात बंद पडलं. असो, पुढे."

असो, पुढे? माझं डोकंच फिरलं. मी उभी राहिले. मिलिंदनं पदर ओढला, पण मी काय बसते! "नॉट बॅड!" मी म्हटलं. "नॉट बॅड ॲट ऑल! आय ॲम द मदर!"

सगळं सभागृह वळून बघायला लागलं. म्हातारा चष्मा वर करून म्हणाला, "माफ करा, कुणाची आई?"

"युअर्स!" मी म्हटलं.

हशा झाला. पुढं माझं इंग्रजी संपलं. मग मी मराठीत सांगितलं आणि मिलिंदला इंग्रजीत सांगावं लागलं, बिचाऱ्याचे कान लाल झाले होते. सांगितलं की तुमचं ते पडलेलं नाटक आमच्याकडं वीस वर्षं चाललंय. गावोगावी. सांगलीला तर शेवटच्या प्रवेशात मी "आज काही नको" म्हटलं तशी पहिल्या रांगेतली एक म्हातारी उठून उभी राहिली आणि ओरडली, "अगं भवाने, तुझाच लेक हाय त्यो!" सगळं थिएटर तिच्या बाजूनं ओरडायला लागलं. मला दार लावणं मुश्किल झालं.

पोरं पुन्हा हसली. थॉर्नली हसला नाही. बोटं वाजवायची थांबली होती त्याची.

कार्यक्रम संपल्यावर तो गर्दीतून वाट काढत आमच्यापाशी आला. मला म्हणाला, "लंडनमध्ये त्या आईला कुणीच ओरडून सांगितलं नाही." आणि मग, "रविवारी चहाला या. इथल्या लोकांना चहा येत नाही. कोमट पाण्यात पुडी बुडवतात."

माणूस आपला होता.

थॉर्नलींचं स्वयंपाकघर

मी आणि मिलिंद बेसनाचे लाडू घेऊन गेलो. विद्यापीठानं त्याला राहायला एक छोटं घर दिलं होतं. पुढच्या दारानं गेलो, तर तो ओरडला, "मागून या, मागून! मी स्वयंपाकघरातच राहतो." किटली त्यानं लंडनहून बरोबर आणली होती. पाणी खळखळा उकळवलं, भांडं आधी गरम करून घेतलं, चहा मुरवत ठेवला. मी मनात म्हटलं, एवढ्या मुरण्यात आमच्याकडं दोन कप होऊन जातात, आलं घालून. पण चहा चांगला होता. लाडू तर त्यानं काट्यानं खाल्ला! मिलिंदनं सांगितल्यावर दुसरा हातानं खाल्ला आणि बोटं चाटली.

बायको आहे का, मुलं आहेत का, सगळं विचारून झालं. बायको वारली होती. मुलगी लांब कुठंतरी. मग मी कप बाजूला ठेवला.

"मला एक सांगा," मी म्हटलं, "ती ओळखते का हो त्याला? माझ्या नवऱ्याचं म्हणणं ओळखते. माझं म्हणणं नाही. वीस वर्षं भांडलो आम्ही. ते गेले आता. तुम्ही सांगाल ते मी मान्य करीन."

मिलिंदनं इंग्रजीत सांगितलं.

"मलाच माहीत नाही," म्हातारा म्हणाला. "ते नाटक नाहीच. ते घडलंय. माझं पहिलं नाटक लागलं, पैसे आले, नवा ओव्हरकोट घेतला आणि गाडी पकडून घरी गेलो. कडी वाजवली. आईनं दार अर्धंच उघडलं. आतून वडिलांचा आवाज येत होता, प्यायलेले होते. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, आज काही नको. मी परत स्टेशनवर आलो. त्यानंतर ती सहा महिन्यांत गेली. ओळखलं का तिनं? आयुष्यभर तेच विचारतोय. नाटक लिहिलं ते त्यासाठीच. लिहूनही कळलं नाही."

मला फार वाईट वाटलं. पण मी पडले भांडकुदळ. म्हटलं, "नसेलच ओळखलं. मी सांगते ना! हा माझा पोटचा मुलगा, पण ह्याला विमानतळावर मी हमाल समजले. नो थँक यू म्हटलं."

मिलिंद हे इंग्रजीत सांगताना स्वतःच हसला. म्हाताऱ्यानं त्याला विचारलं, "मग तू काय केलंस?"

"काय करणार? म्हटलं, आई, अगं मी."

म्हातारा मान हलवत राहिला. "एवढंच," तो म्हणाला. "एवढं तीन शब्दांचं काम. मी दारात उभा राहून वाट बघत बसलो, ती विचारील म्हणून. मी बोललोच नाही. लोक म्हणतात ते नाटक आईचं आहे. आईचं नाहीच ते. तोंड न उघडणाऱ्या पोराचं आहे."

मिलिंदनं हे मला मराठीत सांगायला घेतलं आणि मधेच उठला. नळाचं पाणी प्यायला आणि मग त्यानं पुरं केलं.

"दाखवाल?" थॉर्नली मला म्हणाला. "तुमच्या भाषेत. तो एकच प्रवेश."

मला काय, सांगायचा अवकाश! पदर खोचला. मुलाचं काम कोण करणार, तर मिलिंदच. लहानपणी विंगेत बसून सगळं पाठ झालेलं होतं त्याचं. शिवाय त्या कामात बोलायचं काय असतं? उभं राहायचं आणि जायचं. तो कोट चढवून मागच्या दारानं बाहेर गेला. बाहेर वारा सुटला होता, अंगणभर पानं उडत होती. म्हातारा भिंतीशी उभा राहिला.

दार वाजलं. मी उघडलं. दाढी, कोट, वाऱ्यानं डोळ्यांत आलेलं पाणी. मी पाहिलं आणि माझ्या मनासारखं, सरळ म्हटलं, "आज काही नको." दार लोटायला लागले.

मिलिंद गेला नाही. त्यानं दारावर हात ठेवला.

"आई, मला यायचं होतं."

मला वाटलं, वाक्य विसरला. मग लक्षात आलं, त्याला वाक्यच नाही.

"बाबांना दवाखान्यात ठेवलं तेव्हा मी फोन केला होता. तू डबा आणायला घरी गेली होतीस. मी म्हटलं, मी निघतो. ते म्हणाले, येऊ नकोस. ग्रीन कार्डाचा अर्ज मधेच होता माझा, देश सोडला असता तर सगळं पुन्हा पहिल्यापासून, परत येता आलं असतं की नाही तेही माहीत नव्हतं. ते म्हणाले, मी गेलो तरी यायचं नाही. तुझी एवढी वर्षं माझ्यासाठी फुकट घालवायची नाहीत. मी रडलो, भांडलो. त्यांनी ऐकलं नाही."

"आणि मला?" मी म्हटलं. "मला का नाही सांगितलं?"

"म्हणाले, आईला मी सांगतो, सावकाश. तू सांगितलंस तर ती मला इथं कॉटवर झोडपून काढील. आणि मग दोन दिवसांत..."

"अरे, पण नंतर? तीन वर्षं?"

"तू त्यांच्यावर चिडली असतीस, आई. ते उत्तर द्यायला नव्हते. मी म्हटलं, चिडायचं तर माझ्यावर चिडू दे."

मी तिथंच दाराची कड धरून उभी राहिले. भरून आलं, त्यात लाजायचं काय, हुंदके देऊन रडले. ह्या माणसानं, आमच्या ह्यांनी, वीस वर्षं मला गाडीत बसवून समजावलं होतं की माणूस ओळखून, पुरतं ओळखून, पोराला दारातून परत पाठवू शकतो. मी हसले त्यांना. म्हटलं, कुठली आई असं करील! आणि स्वतःची वेळ आली तेव्हा, नाकात नळ्या, छातीवर दगड, फोनचा रिसीव्हर धरून ह्यांनी तेच केलं. नको म्हणाले. शेवटचं बघायचं होतं हो त्यांनाही. मला माहीत नाही का!

थॉर्नली भिंतीशीच उभा होता. त्याला एक शब्द कळला नव्हता. तो घाबरून म्हणाला, "हे माझ्या नाटकात नाही. तो काय बोलला?"

ते सगळं इंग्रजीत सांगणं मला कुठलं जमायला! मी डोळे पुसले आणि त्याच्याकडे वळले. आतून बापाचा आवाज येत असताना, पोरगं पुन्हा त्याच्या हाती लागू नये म्हणून दार अर्धंच उघडणारी ती बाई मला इतकी स्वच्छ दिसली, की तिचं काम मी इतकी वर्षं चुकीचं केलं ह्याची लाज वाटली.

"माय हजबंड वॉज राइट," मी म्हटलं. "शी न्यू यू. फर्स्ट मिनिट. शी न्यू."

म्हातारा खुर्चीवर बसला आणि त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

मिलिंद अजून दारातच होता, थंडीत, नाक लाल झालेलं, चष्म्यावर धुकं. पुढं काय करायचं ते त्याला कळत नव्हतं. लहान असताना विंगेत माझी वाट बघत असाच उभा राहायचा.

"अरे, बाहेर काय उभा राहिलायस," मी म्हटलं, "आत ये."